गोळी चालू आहे, तरी आईला आठवत का नाही?

पत्र

आईचं वय ७४. आठ महिन्यांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं आणि डोनेपेझिल सुरू झालं. आधी ५ मिलिग्रॅम, गेले चार महिने १० मिलिग्रॅम, रात्री झोपताना. तेव्हा तीस गुणांच्या स्मृतिचाचणीत तिला २२ गुण मिळाले होते, आता २१. म्हणजे सुधारणा शून्य. उलट जेवण तुटलंय, वजन ५४ वरून ४९ किलोवर आलंय. लघवीला सारखं जावं लागतं, कधी पोचेपर्यंत होऊन जाते, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वी ऑक्सिब्युटिनिन दिलं. रात्री दचकून उठते, ओरडते, म्हणून ताई तिला झोपेसाठी डायफेनहायड्रामिन असलेली सर्दीची गोळी देते, शिवाय स्मरणशक्तीसाठी जिंकोच्या कॅप्सूल. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे अटेनोलॉल ५० आणि अपिक्साबॅन बरीच वर्षं चालू आहे. गेल्या आठवड्यात चक्कर येऊन बाथरूममध्ये पडली, डोक्याला टेंगूळ आलं, पण नंतर ठीक होती. बीपीच्या मशीनवर नाडी ४८ दिसते. ताई म्हणते डोनेपेझिल बंद करू. भाऊजी म्हणतात, सलाइनमधून देतात ते नवीन औषध करून घेऊ. काय करावं?

उत्तर

औषध बंद करायचं की बदलायचं हे नंतर पाहू. आधी पडण्याचं बघा, आणि तेही आजच. अपिक्साबॅन रक्त गोठू देत नाही. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला, तर वरून सगळं ठीक दिसत असलं तरी डोक्याचं सीटी स्कॅन करून घ्यायचं असतं. कवटीच्या आत रक्त हळूहळू साठतं आणि लक्षणं कधी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात : सुस्ती, डोकेदुखी, उलटी, चालताना एका बाजूला झुकणं, अचानक वाढलेला गोंधळ. अल्झायमर असलेल्या घरात नेमकी इथे फसगत होते, कारण गोंधळ वाढला की सगळे म्हणतात, ‘आजार वाढला’. यातलं काहीही दिसलं तर वेळ मिळायची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जा. अपिक्साबॅन मात्र स्वतःहून बंद करू नका. ते बंद केलं की पक्षाघाताचा धोका वाढतो.

त्याच फेरीत ईसीजी काढा. ठोके अनियमित असले की बीपीचं मशीन नाडी चुकीची दाखवू शकतं. मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तरीही एखादा हलका ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही, म्हणून डॉक्टर स्टेथोस्कोप छातीवर ठेवून मोजतील तो आकडा खरा. तो पन्नासच्या खाली असेल आणि सोबत चक्करही येत असेल, तर हे प्रकरण मेंदूच्या डॉक्टरांइतकंच हृदयाच्या डॉक्टरांचंही आहे. अटेनोलॉल ठोके कमी करतं, डोनेपेझिलही कमी करतं, आणि दोन्ही एकत्र आली की काही जणांचे ठोके इतके मंदावतात की माणूस उभ्याउभ्या खाली कोसळतो. यातलं कोणतं कमी करायचं हे ईसीजी पाहून डॉक्टर ठरवतील. तुम्ही घरी अटेनोलॉल एकदम तोडू नका, त्याने ठोके उसळतात. डोनेपेझिलची आजची गोळी द्यायची की थांबवायची, हे फोन करून विचारा. ते शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे ७० तास लागतात, त्यामुळे डॉक्टरांनी एक-दोन दिवस थांबवायला सांगितलं तर घाबरू नका.

आता गोळी नेमकं काय करते ते पाहू. ते कळलं की तुमच्या पत्रातल्या बहुतेक तक्रारी एकाच सूत्रात बसतात.

अल्झायमरमध्ये मेंदूत दोन गोष्टी साचतात. पेशींच्या बाहेर बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे चट्टे आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचे गुंते. अमायलॉइड साचायला लक्षणांच्या साधारण १५ ते २० वर्षं आधीच सुरुवात झालेली असते. टाऊचं काम एरवी पेशीच्या आतल्या वाहतुकीच्या नळ्यांना आधार देण्याचं. ते बिघडलं की नळ्या ढासळतात, लांब तंतूंच्या टोकापर्यंत रसद पोचत नाही आणि पेशी मरते. माणसाची अवस्था किती खालावली आहे याचा मेळ चट्ट्यांपेक्षा या गुंत्यांशी जास्त बसतो. सुरुवात होते ती कानशिलाच्या आतल्या बाजूच्या एन्टोऱ्हायनल भागात आणि त्याला लागून असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये. नवी आठवण तयार करण्याचं काम या भागाचं. म्हणून तुमच्या आई सकाळची गोष्ट दुपारी विसरतात आणि लहानपणच्या मैत्रिणींची नावं मात्र सांगू शकतात. जुन्या आठवणी मेंदूच्या इतर भागांत पसरलेल्या असतात, तिथे आजार उशिरा पोचतो.

मेंदूच्या पुढच्या भागात तळाशी पेशींचा आणखी एक छोटा पुंजका असतो. तिथून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन मेंदूभर पुरवलं जातं. लक्ष देणं आणि नवीन गोष्ट पकडणं त्याच्यावर अवलंबून असतं. या आजारात हा पुंजकाही लवकर झडू लागतो. दोन पेशींच्या फटीत सुटलेलं ॲसिटिलकोलीन एक विकर (एन्झाइम) लगेच मोडून टाकतं. डोनेपेझिल त्या विकराला अडवतं, म्हणजे जे थोडं रसायन सुटतं ते जरा जास्त वेळ टिकतं. थोडक्यात, फळा पुसणाऱ्याचा हात धरून ठेवायचा, पण लिहिणारे हात कमी होतायत त्याला हे औषध काही करू शकत नाही. चट्टे तसेच, गुंते तसेच. रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही औषधंही याच जातकुळीतली. (या गटातलं अमेरिकेत परवानगी मिळालेलं पहिलं औषध टॅक्रिन, १९९३ चं. ते यकृताला झेपत नव्हतं म्हणून मागे पडलं. डोनेपेझिल १९९६ मध्ये आलं.)

म्हणून ‘सुधारणा शून्य’ हे तुमचं मोजमापच आम्हाला पटत नाही. चाचण्यांमध्ये या औषधांचा फायदा ७० गुणांच्या मापनपट्टीवर सरासरी अडीच-तीन गुणांचा दिसला आहे. कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. औषध नसताना तीस गुणांच्या चाचणीत वर्षाला साधारण दोन ते चार गुण उतरतात. आठ महिन्यांत २२ चे २१ होणं म्हणजे फारशी घसरण नाही, आणि एका गुणाचा फरक तर त्या दिवशी झोप नीट झाली नव्हती एवढ्यानेही पडतो. गुणांपेक्षा रोजची पाच कामं निवडा : कपडे क्रमाने घालणं, फोनवरचा निरोप सांगणं, घरातलं स्वच्छतागृह शोधणं, सुरू केलेलं एक काम संपवणं, आणि एकच प्रश्न तासाभरात किती वेळा विचारतात ते. महिन्यातून एकदा तारीख घालून वहीत लिहा. डॉक्टरांना ती वही चाचणीच्या आकड्याहून जास्त उपयोगी पडते.

आता दुखण्याचं मूळ. ॲसिटिलकोलीन फक्त मेंदूत नसतं. हृदयाचे ठोके मंद करणारी नस तेच वापरते, जठर आणि आतडी त्याच्यावर हलतात, मूत्राशयाचा स्नायू त्याच्यामुळेच आवळतो. गोळीला फक्त मेंदूत जायला सांगता येत नाही. नाडी मंद होणं, भूक मरणं, लघवीची घाई होणं ही तिन्ही डोनेपेझिलची नेहमीची, माहीत असलेली कामं आहेत, आणि डोस ५ वरून १० झाल्यावर ती ठळक होतात. तुमच्याकडे १० मिलिग्रॅम सुरू झालं चार महिन्यांपूर्वी आणि ऑक्सिब्युटिनिन आलं तीन महिन्यांपूर्वी. मधल्या महिन्यात काय घडलं असेल याचा अंदाज या दोन तारखांवरूनच बांधता येतो.

ऑक्सिब्युटिनिन काय करतं? ॲसिटिलकोलीनला अडवतं. सर्दीच्या गोळीतलं डायफेनहायड्रामिनही तेच करतं. म्हणजे तुमच्या आईंना एक गोळी ते रसायन वाढवायला आणि दोन गोळ्या ते बंद पाडायला दिली जात आहेत, आणि त्या दोन्ही मेंदूत शिरतात. विसरभोळेपणा आणि रात्रीचा गोंधळ वाढवायला एवढं पुरेसं आहे. यात वाईट हेतू कुणाचाच नाही. प्रत्येक डॉक्टरने आपापल्यापुढची तक्रार बरी केली, आणि पूर्ण यादी कुणाच्याच समोर नव्हती. याच जातीची आणखी काही नावं लिहून ठेवा : क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन, ॲमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल. खोकल्या-सर्दीच्या, प्रवासात मळमळू नये म्हणून घ्यायच्या आणि खाजेच्या पुष्कळ औषधांत ही किंवा यांची भावंडं असतात.

सर्दीची गोळी आज रात्रीपासूनच बंद करा. दचकून उठणं हाही बहुधा डोनेपेझिलचाच प्रताप आहे. रात्री घेतलं की काहींना फार जिवंत, भीतीदायक स्वप्नं पडतात. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितलं, तर ती सकाळी द्या. बदल करताना रात्रीची सोडून थेट दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची, दोन्ही वेळा नाही. हे औषध दिवसात केव्हाही घेतलं तरी चालतं.

लघवीसाठी आधी तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना ते पाहा. मग दिवसा दर दोन तासांनी, त्यांनी मागण्याची वाट न बघता, स्वच्छतागृहात घेऊन जा. संध्याकाळनंतर पाणी थोडं कमी, पण दिवसभरात नेहमीइतकं. डोनेपेझिल कमी झाल्यावर ही तक्रार आपोआप उतरायची शक्यताही बरीच आहे. तरी औषध लागलंच, तर मिराबेग्रॉनसारखं ॲसिटिलकोलीनला हात न लावणारं औषध चालेल का, असं नाव घेऊन विचारा. त्याने रक्तदाब वाढू शकतो, तेवढं मोजत राहावं लागतं.

वजनाकडे हलकेपणाने पाहू नका. ५४ चे ४९ म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त. डोस पुन्हा ५ वर आणणं हा पहिला उपाय, आणि तोही बरेचदा पुरतो. पोटाला सोसत नाही म्हणून अनेक डॉक्टर रिव्हास्टिग्मिनच्या पट्टीकडे वळतात. ती चिकटवायची असल्याने मळमळ कमी होते. पण तुमच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. नाडी तीही मंद करू शकते, आणि ५० किलोखालच्या माणसात तिचे दुष्परिणाम जास्त दिसतात. तरी पट्टी दिलीच गेली, तर सुरुवात ४.६ मिलिग्रॅमच्या पट्टीने होते आणि निदान चार आठवड्यांनी, सोसलं तरच, ९.५ ची येते. पाठीचा वरचा भाग, दंड किंवा छाती, यातली कोरडी, बिनतेलाची जागा निवडा. चिकटवून अर्धा मिनिट दाबून धरा. त्याच जागेवर पुढचे १४ दिवस दुसरी लावू नका. सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुनी न काढता नवी लावणं. पाठीवर दोन-तीन पट्ट्या तशाच राहिल्या की औषध अति होतं, उलट्या आणि मंद नाडी सुरू होते, यात माणसं दगावलेली आहेत. पट्टीवर तारीख लिहा, काढल्यावरच नवी लावा. तीन दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा ४.६ पासूनच.

ताईंच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. त्रास फायद्याहून मोठा असेल तर गोळी कमी करणं, बंद करणंही, योग्यच. पण ‘आठवत नाही, म्हणून बंद’ हे कारण कच्चं आहे. २०१२ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम ते तीव्र अवस्थेतल्या २९५ जणांपैकी काहींचं डोनेपेझिल काढलं, काहींचं चालू ठेवलं. वर्षभरात चालू ठेवलेल्यांचे तीसपैकी सरासरी सुमारे दोन गुण जास्त राहिले, आणि ज्यांचं बंद केलं त्यांना पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात हलवावं लागण्याचं प्रमाणही जास्त होतं. नाडीसारखं तातडीचं कारण नसेल तर आधी १० चं ५, मग चार आठवड्यांनी बंद, अशा टप्प्यांनी जायचं आणि वहीतली पाच कामं बघत राहायचं. काही आठवड्यांत उघड घसरण दिसली तर पुन्हा सुरू करता येतं, पण बरेच दिवस खंड पडल्यावर थेट १० ने नाही.

नाडीमुळे हा गटच बाद झाला, तर मेमँटिन हा वेगळ्या वाटेचा पर्याय आहे. ते ग्लुटामेट या रसायनाच्या अति उत्तेजनेला आवर घालतं. आठवड्याला ५ मिलिग्रॅमने चढवत दिवसाला २० पर्यंत नेतात, मूत्रपिंडं खूप मंदावली असतील तर १० वर थांबतात, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासा. त्याचा उपयोग मध्यम अवस्थेपासून पुढे सिद्ध झालेला आहे, सौम्य अवस्थेत नाही. तुमच्या आई आत्ता उंबरठ्यावर आहेत, घाई करायची गरज नाही.

भाऊजी ज्या औषधाबद्दल म्हणतायत ते लेकानेमॅब किंवा डोनानेमॅब असणार. अमेरिकेत लेकानेमॅबला २०२३ मध्ये पूर्ण परवानगी मिळाली, डोनानेमॅबला २०२४ मध्ये. ही खरोखर वेगळी औषधं आहेत, ती मेंदूतलं अमायलॉइड काढून टाकतात. लेकानेमॅब दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. डोनानेमॅब महिन्यातून एकदा. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १,७९५ जण होते. १८ महिन्यांनी १८ गुणांच्या मापनपट्टीवर औषध न घेणारे सरासरी १.६६ गुणांनी खालावले, घेणारे १.२१ गुणांनी. ‘२७ टक्के मंद’ अशी बातमी वाचलीत, तो हाच ०.४५ गुणांचा फरक. खालावणं थांबत नाही, गेलेलं परत येत नाही, आणि शेजारी बसलेल्या माणसाला हा फरक जाणवेलच असं नाही.

आणि तुमच्या आईंसाठी उत्तर जवळजवळ नक्की ‘नाही’ असं आहे. ही औषधं अमायलॉइड उपसतात तेव्हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात. त्या चाचणीत १२.६ टक्के जणांच्या मेंदूत सूज दिसली आणि १७.३ टक्के जणांमध्ये सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा. बहुतेकांना काही जाणवलंही नाही, पण थोड्यांच्या जिवावर बेतलं. म्हणून आधी आणि पहिल्या काही महिन्यांत ठरलेल्या टप्प्यांवर एमआरआय करावा लागतो. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या अपोई-४ जनुकाच्या दोन प्रती असतील तर सुजेचा धोका कितीतरी जास्त. त्यात भर म्हणून अपिक्साबॅन. युरोपात लेकानेमॅबला परवानगी देताना रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरच्या रुग्णांसाठी ते वर्ज्य ठरवलं आहे. ‘मग अपिक्साबॅन थांबवू’ असं कुणी सुचवलं तर मान्य करू नका, अर्ध्या गुणासाठी पक्षाघात ओढवून घेण्यासारखं ते आहे. शिवाय त्या चाचणीत २२ किंवा जास्त गुण असलेल्यांनाच घेतलं होतं, तुमच्याकडे २१ आहेत. भाऊजींना हे सगळं आकड्यांसह सांगा. नुसतं ‘डॉक्टर नको म्हणाले’ असं सांगितलंत तर महिन्याभरात तोच विषय पुन्हा निघेल.

एक इशारा पुढचा. रात्रीचं ओरडणं कायम राहिलं तर कुणीतरी रिस्पेरिडोन किंवा क्वेटियापिन ही मनोविकारांवरची औषधं सुचवेल. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत या गटाच्या औषधांनी मृत्यूचं प्रमाण साधारण दीडपटीहून जास्त झाल्याचं दिसल्यावर २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांवर ठळक इशारा छापायला लावला. कधी इलाज नसतो आणि ती थोड्या दिवसांसाठी द्यावी लागतात, पण आधी दुखणं, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी हे तपासलं गेलं पाहिजे. ऑक्सिब्युटिनिननेच लघवी तुंबते, हेही विसरू नका.

राहिल्या जिंकोच्या कॅप्सूल. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तीन हजारांहून अधिक वृद्धांच्या चाचणीत दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम घेऊनही स्मृतिभ्रंश टळला नाही. अपिक्साबॅनसोबत घेतलं तर रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते ती वेगळीच. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं, ताईंकडची ही बाटली आणि सर्दीची गोळीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा. चिठ्ठ्या नेऊ नका. चिठ्ठीवर असतं ते लिहून दिलेलं, पिशवीत असतं ते खरंच पोटात जाणारं.